शेल मारावं, की आतली बॉडी वजा करावी?

रात्री-बेरात्री लाईट आली की विहिरीवरची मोटार आपोआप चालू करणारा ऑटो मराठवाड्यात शेतोशेती दिसतो. त्याची प्लास्टिकची डबी वाळूजच्या एखाद्या मोल्डिंगवाल्याकडून करून घ्यायची आहे असं धरू. बाहेरून १०० × ६० × ४० मिमी, भिंत २ मिमी, वरून उघडी. कॅडमध्ये, म्हणजे संगणकावर थ्रीडी मॉडेल काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये, भरीव ठोकळा कुणीही काढेल. तो पोकळ कसा करायचा हे मात्र हातात कुठलं सॉफ्टवेअर आहे यापेक्षा डबी कुठल्या मशीनवर बनणार यावर ठरवा.

मोल्डिंग असेल तर मी डोळे झाकून शेल म्हणेन, म्हणजे ठोकळा आतून सारख्या जाडीने पोखरणारी कमांड. वरचा फेस (पृष्ठभाग) निवडा, जाडी २ द्या, झालं. २,४०,००० घन मिमीतले ३५,७१२ उरतात. एबीएस या प्लास्टिकमध्ये साधारण ३७ ग्रॅम. सगळ्या भिंती सारख्या येतात हा खरा फायदा, कारण जिथे प्लास्टिक जाड तिथे ते उशिरा थंड होतं, जास्त आकसतं आणि बाहेरून खळगा दिसतो. बाहेरच्या भिंतींना आधी ड्राफ्ट (भाग मोल्डमधून सुटावा म्हणून थोडा तिरपेपणा) दिलेला असेल तर आतल्या भिंतीही तोच कल घेतात.

शेलचं दुखणं आहे ते क्रमाचं. उभ्या कडांना ५ मिमीचं फिलेट (गोलाई) आधी देऊन मग शेल मारलं, तर आत आपोआप ३ मिमीची गोलाई येते. उलट केलं तर आतला कोपरा टोकदार राहतो आणि तिथे भिंत उरते जेमतेम ०.७६ मिमी. ७ मिमीचं फिलेट दिलंत तर कोपरा फुटूनच जातो! याउलट स्क्रूचे बॉस (स्क्रू बसायचे खांब) आणि रिब (आधाराच्या पातळ पट्ट्या) शेलनंतरच घ्या, नाहीतर तेही पोकळ होतात. रिबची जाडी भिंतीच्या निम्म्याच्या आसपास ठेवा. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये डाय-मोल्ड शिकलेलं कुणी ओळखीत असेल तर मोल्ड कापायच्या आधी मॉडेल त्यांना दाखवाच.

शेल चालतच नसेल, तर बहुतेक वेळा कुठेतरी जाडीपेक्षा लहान त्रिज्येचा बाक असतो. तो शोधा, मोठा करा किंवा शेलच्या खाली ढकला. फ्रीकॅड या मोफत सॉफ्टवेअरमधलं थिकनेस टूल, म्हणजे तिथलं शेल, याबाबतीत जरा जास्तच नखरे करतं.

आतली बॉडी, म्हणजे पोकळीच्या आकाराचा भरीव ठोकळा, वेगळी काढून वजा करणं हे मेहनतीचं काम, पण बाहेरून डबी गोलसर आणि आत चौकोनी बॅटरी बसवायची असेल तेव्हा दुसरा उपाय नाही. ओपनएससीएडीवाल्यांना (कोड लिहून मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) तर शेल मिळतच नाही, तिथे वजाबाकीच. फक्त बाहेरच्या बॉडीची कॉपी ०.९६ ने स्केल करून वजा करू नका. आपल्या डबीत ती मधोमध बसवली तर १०० च्या बाजूला भिंत २ मिमी, ६० च्या बाजूला १.२ आणि ४० च्या बाजूला ०.८ येते. ऑफसेट वापरा किंवा मापं हाताने टाका.

अ‍ॅल्युमिनियमचा जॉब व्हीएमसीवर (धातू कापणाऱ्या संगणकी मशीनवर) जाणार असेल तर साधा पॉकेट कट, म्हणजे स्केच काढून आत खड्डा कापणं, बरा. १० मिमीची एंडमिल (फिरतं कटर) ५ मिमी त्रिज्येपेक्षा लहान उभा आतला कोपरा काढू शकत नाही. शेलने दिलेला टोकदार कोपरा बघून ऑपरेटरचा फोन येणारच. कटच्या स्केचमध्ये त्रिज्या थोडी मोठी, ६ मिमी दिली की प्रश्न मिटतो.

थ्रीडी प्रिंटसाठी भरीव मूर्ती किंवा मुठीसारखा भाग फिलामेंटवर (प्लास्टिकची तार वितळवणाऱ्या प्रिंटरवर) काढणार असाल तर पोकळ करायच्या भानगडीत पडू नका, भिंती आणि इनफिल (आतली जाळीदार भर) स्लायसर, म्हणजे मॉडेलचे थर पाडणारं सॉफ्टवेअर, बघून घेतो. द्रव रेझिन घट्ट करणाऱ्या प्रिंटरचं मात्र वेगळं. एकही फेस न काढता शेल मारलं तर पातळ रेझिन आत कोंडून राहतं, म्हणून निदान दोन भोकं ठेवा, एक रेझिन निघायला आणि एक हवा शिरायला. आणि मॉडेल एसटीएल फाईल म्हणूनच हातात आलं असेल तर ती नुसती त्रिकोणांची जाळी असते. त्यावर कॅडच्या शेलशी झटापट करत बसण्यापेक्षा रेझिनच्या स्लायसरमधलं हॉलो टूल वापरा.