जाळं न लावता टाचणी ओळखायची तर पेंटॅक्स पॅपिलिओ

पक्ष्यांची दुर्बीण टाचणीला, म्हणजे चतुराच्या सडपातळ भावंडाला, चालत नाही. टाचणी दोन हातांच्या अंतरावर बसलेली असते आणि नेहमीच्या दुर्बिणीला तेवढ्या जवळचं धूसर दिसतं. पेंटॅक्स पॅपिलिओ २ मात्र अर्ध्या मीटरवर फोकस होते. चाक फिरवलं की पुढची दोन्ही भिंगं एकमेकांकडे सरकतात, म्हणून इतक्या जवळूनही दोन चित्रं न होता एकच दिसतं. खरी करामत तीच.

मी कन्नडला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. पाऊस उघडला की गौताळा अभयारण्यात ओढ्याकाठच्या दाट सावलीत पिवळ्या पायांची टाचणी हमखास भेटते, कोपेरा मार्जिनिपेस. गण ओडोनाटा (चतुर आणि टाचण्या), उपगण झायगोप्टेरा (फक्त टाचण्या), कुळ प्लॅटिक्नेमिडिडी; रांब्यूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४२ मध्ये तिचं वर्णन केलं. हिची सख्खी बहीण कोपेरा व्हिटाटा. अंगकाठी जवळपास तीच, पाय तेवढे तांबूस. लांबून काही कळत नाही. पॅपिलिओतून मात्र जर्द पिवळे पाय, त्यांवरचे लांब ताठ केस, पोटाचं पांढरट टोक सगळं लख्ख दिसतं. नुकतीच कात टाकलेली याच जातीची टाचणी पांढरीफट्ट असते; पोरं तिला वेगळी जात समजतात. दुर्बीण हातात दिली की ती स्वतःच ठेवण जुळवून बघतात. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय कीटक पकडता येत नाहीत, त्यामुळे हे मला फार मोलाचं वाटतं.

अर्थात डोळ्यांनी सगळंच ठरत नाही. बांबूटेल टाचण्या जुन्या पुस्तकांत प्रोटोन्युरिडी कुळात आहेत. २०१४ मध्ये डीएनएवरून कुळांची फेरमांडणी झाली आणि आपल्याकडच्या बांबूटेल प्लॅटिक्नेमिडिडीत आल्या, म्हणजे कोपेराच्याच घरात. हे नातं कुठल्याही भिंगातून दिसलं नसतं. काही जातींत नराच्या पोटाच्या टोकावरचे आकड्यासारखे अवयव बघावे लागतात, तिथे अगदी जवळून काढलेला मॅक्रो फोटोच हवा.

घेताना ६.५ × २१ घ्या. ८.५ पट मोठं दाखवणारीही मिळते, पण हात हलला की चित्रही जास्त हलतं. भिंग २१ मिलिमीटरचंच, म्हणून झाडीत दिवस कलला की उजेड कमी पडतो. सकाळी नऊ ते चार उत्तम. जलरोधक नाही, पावसाळ्यात पिशवीत प्लास्टिक ठेवा. वजन जेमतेम ३०० ग्रॅम, गळ्यात दिवसभर जड होत नाही. आयात माल आहे, स्वस्त नाही. शाळा-कॉलेजांनी प्रयोगशाळेच्या खर्चातून निदान एक तरी घ्यावी, असं मी आग्रहाने सांगेन.