स्पायरोमेट्री की पीक फ्लो मीटर: दम्याचे निदान करून घेताना

रात्री खोकल्याने झोपमोड होते, जिना चढताना धाप लागते, छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज येतो आणि तरीही हा दमा आहे की आणखी काही, हे कोणी नक्की सांगितलेले नाही, अशा अवस्थेत असलेल्या माणसापुढे साधारणपणे दोन वाटा असतात. जळगाव, धुळे किंवा नाशिक गाठून स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी, करून घ्यावी, ही पहिली. औषधांच्या दुकानातून पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकर किती वेगाने बाहेर पडते हे मोजणारे छोटे साधन, आणून घरीच सकाळ-संध्याकाळ फुंकावे आणि ती नोंदवही डॉक्टरांपुढे ठेवावी, ही दुसरी. मी दोन्ही वाटांनी गेलो आहे. जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यात) हिशेब लिहिण्याचे काम करतो, त्यामुळे हंगामात रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, सुरू झाले की हवेत उडणारा रुईचा बारीक तूस माझ्या टेबलापर्यंत येतो. माझे मत या परिस्थितीतून बनलेले आहे, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवलेले बरे.

स्पायरोमेट्रीचे श्रेय तिला आधी द्यायला हवे. श्वास पूर्ण भरून घेतल्यावर पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते आणि शेवटपर्यंत फुंकल्यावर एकूण किती पडते, या दोन आकड्यांच्या गुणोत्तरातून श्वासनलिका अरुंद झाल्या आहेत की फुप्फुसाची क्षमताच कमी झाली आहे, याचा जो अंदाज येतो, तो घरातल्या कोणत्याही साधनाने येत नाही. त्यातही पंपाचे (इनहेलरचे) औषध देऊन दहा-पंधरा मिनिटांनी चाचणी पुन्हा करतात तो भाग फार मोलाचा आहे. मोठ्या माणसात पहिल्या सेकंदाची हवा १२ टक्क्यांहून आणि २०० मिलिलिटरहून अधिक वाढली, तर नलिका आकसलेल्या होत्या आणि औषधाने मोकळ्या झाल्या, हे कागदावर सिद्ध होते. ज्यांनी अनेक वर्षे विडी ओढली आहे, किंवा ज्या बायांचा जन्म चुलीपुढे पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळलेल्या काड्यांच्या) धुरात गेला आहे, त्यांना दम्याऐवजी सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार) असण्याची शक्यता बरीच असते आणि तो वेगळा ओळखण्यासाठी स्पायरोमेट्रीला पर्याय नाही. अशा माणसाने माझे पुढचे मत बाजूला ठेवून आधी ती चाचणी करून घ्यावी.

मग माझे मन दुसरीकडे का झुकले? दम्याचा स्वभावच चढ-उताराचा आहे. माझी आई आपल्या दम्याविषयी अहिराणीत एवढेच म्हणत असे, ‘रातले दम लागस, दिनले काहीच नही.’ वैद्यकशास्त्रही तेच सांगते. पहाटे चारच्या सुमारास श्वासनलिका सर्वांच्याच थोड्या आकसतात, दमेकऱ्याच्या मात्र फार आकसतात, आणि दिवस वर येईल तशा त्या सैल होत जातात. स्पायरोमेट्रीची वेळ मात्र मिळते ती सकाळी अकराची किंवा दुपारची. हंगामात रजा मिळत नाही, म्हणून माणूस सुट्टीला जोडून जातो. एक-दोन दिवस तुसापासून दूर राहिलेला असतो. आदल्या रात्री फारच त्रास झाला म्हणून गावातल्या डॉक्टरांकडून इंजेक्शन घेतलेले असते. एवढे सगळे होऊन तो यंत्रापुढे बसतो, तंत्रज्ञ ‘फुंका, फुंका, अजून, सोडू नका’ म्हणून मनापासून फुंकून घेतो आणि रिपोर्ट येतो नॉर्मल. नलिका आधीच मोकळ्या असतील, तर पंप दिल्यावर त्या आणखी किती मोकळ्या होणार? म्हणजे औषधानंतरचा फरकही दिसत नाही. श्रावणात विहिरीत डोकावून वैशाखात पाणी पुरेल की नाही हे ठरवावे, तसा हा प्रकार आहे.

यात यंत्राचा दोष नाही आणि चाचणी करणाऱ्याचाही नाही. नॉर्मल रिपोर्टने दमा नाही असे ठरत नाही, त्रास असताना चाचणी पुन्हा करावी, हे दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलेले आहे आणि छातीचे चांगले डॉक्टर ते सांगतातही. पण प्रत्यक्षात तो कागद घरी येतो, आणि कागदाला वजन असते. ज्या दवाखान्यात मी पहिल्यांदा गेलो, तेथे रिपोर्ट पाहून पित्ताच्या गोळ्या मिळाल्या आणि काळजी कमी करा असा सल्ला मिळाला. घरच्यांना वाटले, आता चिंता मिटली. कामाच्या ठिकाणी टेबल रेच्यांपासून दूर हलवून मागितले, तर तिथेही त्याच कागदाकडे बोट दाखवले गेले. पहाटे खिडकीशी उशीला टेकून बसलेल्या माणसाला त्या वेळी जे होत असते, त्याची त्या कागदावर कुठेही नोंद नसते, आणि स्वतःच्या श्वासाविषयी दुसऱ्याला पटवून देण्याचे ओझे त्याच्यावरच येऊन पडते. मला स्पायरोमेट्रीच्या खर्चाचा, रांगेचा किंवा एस.टी.च्या धक्क्यांचा विशेष त्रास वाटला नाही. ही एकच गोष्ट मात्र मला फार लागली.

पीक फ्लो मीटर नेमके इथेच उपयोगी पडले. ब्रिटिश शास्त्रज्ञ मार्टिन राइट यांनी १९५० च्या दशकात विकसित केलेल्या साधनाचे हे हलके प्लास्टिकचे रूप काही शे रुपयांत मिळते, त्याला वीज लागत नाही, आणि मुख्य म्हणजे ते पहाटे उशाशी असते. लाल काटा शून्यावर ढकलायचा, उभे राहायचे, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकच जोरदार, आखूड फुंकर मारायची. तीनदा फुंकून त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. सरासरी काढायची नाही. पंप सुरू असेल तर आकडा पंपाच्या आधीचा घ्यायचा. माझ्या वहीत हंगामातल्या एका साध्या दिवशी पहाटेच्या रकान्यात ३१० (लिटर प्रति मिनिट) आहेत आणि संध्याकाळच्या रकान्यात ४२०. दोहोंतला फरक ११० आणि दोहोंची सरासरी ३६५, म्हणजे चढ-उतार ३० टक्क्यांचा. असा रोजचा चढ-उतार काढून दोन आठवड्यांची सरासरी काढली आणि ती मोठ्या माणसात १० टक्क्यांच्या वर, मुलांमध्ये १३ टक्क्यांच्या वर गेली, तर ती दम्याकडे निर्देश करते. गणित शाळेतल्या मुलालाही जमेल इतके सोपे आहे.

पुढच्या वेळी मी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा वही बरोबर होती. त्यांनी पहाटेचा रकाना बोटाने वरून खाली पाहिला, मग सुट्ट्यांच्या दिवसांभोवती पेनाने गोल केले, आणि पहिला प्रश्न विचारला तो कामाविषयी. सुट्टी सलग मिळाली की माझे पहाटेचे आकडे वर सरकत होते आणि कामावर परतल्यावर पुन्हा खाली येत होते. हे मला जाणवत होते, पण मी ते शब्दांत सांगितले असते तर कदाचित इतके गंभीरपणे घेतले गेले नसते. कामामुळे होणारा किंवा कामाने बळावणारा दमा ओळखण्याची मान्य पद्धतही हीच आहे. त्यासाठी कामाच्या आणि सुट्टीच्या अशा दोन्ही दिवसांत, दिवसातून किमान चार वेळा आकडे घ्यायला सांगतात. जिनिंगच्या माणसाला तर याचा आणखी एक उपयोग आहे. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या आजारात छाती आवळते ती आठवडी सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीत, आणि पुढच्या दिवसांत ती सुरुवातीला तरी सैल होत जाते. कामाच्या दम्यात उलट आठवडा सरेल तसा त्रास वाढत जातो. एका दिवसाच्या चाचणीत हा फरक दिसणार कसा?

माझी एक मावसबहीण नंदुरबारकडे मिरचीच्या पथारीवर, म्हणजे मिरच्या वाळवण्याच्या जागी, देठ खुडण्याच्या कामाला जाते. तिखटाच्या खाटाने सगळ्याच बायकांना ठसका लागतो, त्यामुळे तिचा खोकला कोणी वेगळा मानलाच नाही. तिला मी मीटर दिले. तिला लिहिता फारसे येत नाही, म्हणून तिच्या मुलीने आलेखाच्या कागदावर रोज दोन ठिपके दिले आणि ते रेघांनी जोडले. पथारी चालू असतानाचे दात-दात दिसणारे वर-खाली आणि पथारी बंद असतानाची जवळजवळ सरळ रेघ एका दृष्टिक्षेपात कळत होती. दोन माणसांच्या अनुभवावरून नियम काढता येत नाही, हे मान्य आहे. तरी माझ्या कलाचे कारण मी लपवत नाही.

पीक फ्लो मीटरच्या उणिवा ज्याने वापरले त्यालाच नीट सांगता येतात. आकडा फुंकणाऱ्याच्या जोरावर फार अवलंबून असतो. कंटाळा करून फुंकले, ओठांच्या कडेने हवा सुटली किंवा नळीच्या तोंडाशी जीभ आली, तर आकडा खोटा येतो आणि चूक दाखवायला शेजारी कोणी नसते. दोन वेगळ्या मीटरांचे आकडे जुळत नाहीत, म्हणून शेवटपर्यंत एकच मीटर वापरावे लागते. तक्त्यातल्या ‘असायला हवे’ या आकड्यापेक्षा स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याशी तुलना करावी, असे मला माझ्या डॉक्टरांनी सांगितले आणि ते पटले. पाच वर्षांखालच्या मुलांना हे साधन सहसा जमत नाही, पण त्यांना स्पायरोमेट्रीही जमत नाही. आणि रोज उठल्याबरोबर फुंकायचे, हे दिसते सोपे. लग्नसराईत आणि रात्रपाळीत ते सांभाळणे कठीण जाते. चार-दोन नोंदी राहिल्या तर जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये.

यातले कोणतेही साधन सगळे सांगत नाही. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची थुंकी तपासणी आधी व्हायला हवी. हत्तीरोगाच्या कृमींशी निगडित असलेल्या ट्रॉपिकल इओसिनोफिलियातही रात्री दम्यासारखाच खोकला आणि घरघर होते, आणि तो रक्ताच्या तपासणीत कळतो. हृदयाच्या त्रासानेही आडवे पडल्यावर धाप लागते. म्हणून मीटर आणले म्हणजे डॉक्टर नकोत, असा अर्थ कोणी काढू नये. वही डॉक्टरांना दाखवण्यासाठीच लिहायची असते. त्याचप्रमाणे बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, पंपाने उतार पडत नसेल, तर फुंकून आकडा पाहण्यात वेळ घालवू नये, १०८ ला फोन करावा.

माझ्या मते चाळिशी ओलांडलेल्या आणि विडी-सिगारेट ओढलेल्या माणसाने, चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या बाईने, किंवा ज्याला दिवसरात्र सारखीच धाप लागते त्याने आधी स्पायरोमेट्री करावी. ज्याचा त्रास येतो-जातो, रात्री वाढतो, ठरावीक हंगामात, ठरावीक कामावर किंवा भरीत भाजायला काड्या पेटवल्या की उफाळतो, त्याने आधी दोन आठवडे वही लिहावी आणि मग ती घेऊन स्पायरोमेट्रीला जावे, हे मला अधिक उपयोगाचे वाटते. त्यानंतर रिपोर्ट नॉर्मल आला तरी वही शेजारी असल्यामुळे तो शेवटचा शब्द ठरत नाही. चाचणी त्रासाच्या दिवसांत पुन्हा करायची की मोठ्या केंद्रात मेथाकोलिनची चाचणी (औषध हुंगवून श्वासनलिका किती सहज आकसतात हे पाहणारी) करायची, हा पुढचा विचार डॉक्टरांना करता येतो. चाचणीआधी कोणता पंप किती तास बंद ठेवायचा, हे मात्र तारीख घेतानाच विचारावे, कारण ते औषधागणिक वेगळे असते आणि आपल्या मनाने औषध थांबवणे धोक्याचे आहे.

ज्यांना या वर्षी हे करायचे असेल, त्यांनी शक्यतो पोळ्यानंतर, वेचणी सुरू होण्याआधीच मीटर आणावे. श्वास बरा असलेल्या दिवसांतले आकडे हाताशी असले, तरच रेचे सुरू झाल्यावर ते किती घसरले हे दाखवता येते. वहीच्या पहिल्या पानावर वय, उंची, कामाचे स्वरूप आणि चालू असलेली औषधे लिहावीत, आणि आकड्यांच्या शेजारी एक रुंद रकाना कोरा ठेवावा. त्या रकान्यात ‘सुट्टी’, ‘रात्री जाग’, ‘पंप दोनदा’, ‘शेजारी पऱ्हाट्या पेटवल्या’ एवढेच त्या त्या दिवशी लिहीत गेले तरी पुरते.