१०+१ शेळ्यांच्या नावावर ३६,६९९ रुपये गेले, ऑनलाईन जनावर घेणाऱ्यांनी वाचाच

एरंडोलजवळ आमचं ३० गुंठे वावर आहे. नोकरी जळगावला, सुट्टीच्या दिवशी जायचं, चार लिंबं, थोडी भाजी, सगळी हौसच. शेड रिकामं पडलं होतं म्हणून उस्मानाबादी घ्यायच्या ठरल्या, १० शेळ्या १ बोकड, सरकारी योजनेत असतो तोच गट. फेसबुकवर धाराशिवकडच्या ‘फार्म’ची जाहिरात दिसली, गाभण शेळी ७,५००, बोकड १२,०००. अर्ध्या भावात म्हटला असता तर मीच ब्लॉक केला असता, पण भाव बाजारापेक्षा थोडासाच कमी, तिथंच तर मारतात हे लोक.

पुढचं तुम्हाला माहितीये. बुकिंग १०,०००, मग गाडीभाडं ८,५००, मग डॉक्टरचा दाखला ३,२००, मग गाडी नाक्यावर अडवली म्हणून १४,९९९, ‘शेळ्या उतरल्या की परत देतो सर’.

डोक्यातून जात नाही ते वेगळंच. भाडं मागायच्या आधी त्याने व्हिडिओ पाठवला, ‘सर तुमचा माल भरला’. मे महिना, आमच्याकडे ४४ डिग्री, आणि व्हिडिओत गाडीच्या चाकाला चिखल, शेळ्यांची केसं ओली चिकटलेली, भरणाऱ्या पोराच्या डोक्यावर प्लास्टिकची खोळ! बायको बघितल्याबरोबर म्हणाली, “आते कथा पानी पडी ऱ्हायना?” मी म्हटलं तिकडे अवकाळी झाला असेल. आता मे मधे अवकाळी होतो की नाही, तुम्हीच सांगा. तेव्हा फक्त १०,००० गेले होते हो, तिथंच थांबलो असतो तर २६,६९९ खिशात असते. व्हिडिओ कॉल मागा, शेळीचं तोंड आणि आजचा पेपर एका फ्रेममधे दाखव म्हणा, लगेच नेटवर्क जातं त्यांचं.

आणि पैसे टाकताना कोड स्कॅन केल्यावर नाव कोणाचं येतं ते बघा. मला भलत्याच बाईचं आलं, तो म्हणे वहिनीचं खातं आहे. घराघरात असंच चालतं, म्हणून पटलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाईनला फोन लावला, लागेपर्यंत घाम फुटला, तक्रार नंबर मिळाला, पुढे शांतता. पोलीस स्टेशनला गेलो तर साहेब म्हणे तुम्ही स्वतःच टाकले ना पैसे, शेळ्या बघायला का नाही गेले, आणि हे सायबरचं काम आहे, सायबरवाले म्हणे आधी तुमच्या स्टेशनला जा, तिथं परत आलो तर आरोपी तिकडचा, गुन्हा तिकडे दाखल करा. अरे १ जुलै २०२४ पासून नव्या कायद्यात (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १७३ आहे, हद्द कोणतीही असो स्टेशनने गुन्हा नोंदवायचा, हे मी सांगितलं तर म्हणे वकील आहात का? शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला. बँकवाला तर मान वर न करता म्हणाला, पिन तुम्हीच टाकला. मग काय शेळीने टाकायचा होता?

गावच्या जनावरांच्या डॉक्टरने एकच प्रश्न विचारला, टॅग नंबर घेतला होता का? कानातल्या बिल्ल्यावर १२ आकडी नंबर असतो, तो डॉक्टरला सिस्टीमवर बघायला सांगा, नंतरच पैशाचं बोला. नाहीतर सरळ धुळ्याचा बाजार गाठा, दात बघा, कास बघा, रोख द्या.

काल नवीन नंबरवरून फोन. ‘सायबर विभागातून बोलतोय, तुमचे ३६,६९९ होल्ड झालेत, सोडवायला २,५०० भरा.’ शिव्या घातल्या. पण रुपयाच्या हिशोबासकट आकडा त्याच्याकडे गेला कुठून? हे विचारायला परत स्टेशनला गेलो तर साहेब बंदोबस्तावर.