किनाबालूसाठी घेतलेले जाळीचे बूट: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

बोर्निओतल्या माउंट किनाबालूचा ट्रेक ठरला, तेव्हा सगळ्यात जास्त वेळ गेला तो बुटांवर विचार करण्यात. बहुतेक जण वॉटरप्रूफ बूट घ्यायला सांगत होते. मी मुद्दाम वॉटरप्रूफ नसलेले, वरून जाळीचं कापड असलेले, घोट्याच्या खालीच संपणारे हायकिंग शूज घेतले. त्यांच्यावरच अख्खी तयारी केली, तेच घालून शिखरावर जाऊन आलो आणि आजही तेच वापरतोय. बूट कुठल्या कंपनीचे, याला इथे महत्त्व नाही, कारण लिहायचंय ते या जातीच्या बुटांबद्दल. विषुववृत्ताजवळच्या डोंगरात कुणी जाणार असेल तर त्याला याचा उपयोग व्हावा, एवढीच इच्छा.

आधी वॉटरप्रूफ का नको ते सांगतो. वॉटरप्रूफ बुटांच्या आत एक पातळ पडदा असतो, त्यालाच मेम्ब्रेन म्हणतात. बाहेरचं पाणी तो आत येऊ देत नाही आणि पायाच्या घामाची वाफ मात्र बाहेर सोडतो. वाफ बाहेर पडायची तर बाहेरची हवा आतल्यापेक्षा कोरडी हवी. थंड, कोरड्या प्रदेशात हे छान जमतं. किनाबालूच्या जंगलात मात्र दुपारनंतर ढग थेट वाटेवर उतरतात आणि हवेतच पाणी असतं. मग घाम आतच साचतो. त्यात मुसळधार पावसात पाणी पायावरून ओघळत बुटाच्या तोंडातून आत शिरतं, ते कुठलाच पडदा अडवत नाही, उलट आत आलेलं धरून ठेवतो. जाळीचा बूट भिजतो लगेच, पण चालताना प्रत्येक पावलाला पाणी पिळून बाहेर टाकतो. ओढ्यातून बाहेर आल्यावर पहिली काही पावलं बोटांच्या बाजूने बारीक बुडबुडे येताना दिसतात, पचपच आवाज येतो, आणि थोड्या वेळात बूट नुसता ओलसर उरतो.

आता वापराबद्दल. सुरुवातीचे महिने यांनी जिन्यांवर आणि पावसाळी टेकड्यांवर काढले. सोल अजून भक्कम आहे, पण टाचेच्या बाहेरच्या कडेचे खाचे पुढच्यांपेक्षा लवकर झिजलेत. पाऊल वाकतं तिथे, करंगळीच्या वर, जाळीचे धागे विस्कटायला लागले आहेत. या जातीच्या बुटांची ही नेहमीचीच दुखरी जागा, म्हणून विकत घेताना तिथे वरून रबराचा थर आलाय का ते बघा. पुढच्या बाजूला रबराची टोपी असावीच. किनाबालूच्या वाटेवर मुळं आणि दगड इतके आहेत की उतरताना दमलेला पाय हमखास ठेचकाळतो.

वाळवण्याची पद्धत अगदी साधी आहे, पण बूट किती दिवस टिकणार ते तिच्यावरच ठरतं. आल्या आल्या आतली गादी बाहेर काढायची, नाड्या पूर्ण सैल करायच्या, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि तासाभराने बदलायचे. शेगडी किंवा हीटरजवळ ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो. कपाटात बरीच वर्षं पडून असलेले जुने बूट नेण्याचा विचार असेल तर आधी ते भरपूर चालून तपासा. पॉलियुरेथेनचा मधला थर हवेतल्या दमटपणाने हळूहळू कुजतो आणि वरून धड दिसणारा सोल ऐन वाटेवर निखळून येतो.

माप हा विषय उतरणीचा आहे. चढाई जिथून सुरू होते ते टिम्पोहोन गेट १८६६ मीटरवर आहे, शिखर ४०९५ मीटरवर. चढ दोन दिवसांत विभागलेला असतो, उतरायचं मात्र सगळं एकाच दिवशी, म्हणजे सव्वादोन हजार मीटरच्या आसपास. या उताराने पायाची बोटं पुढे आपटून नखं काळी पडतात. म्हणून बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून बघायचे. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. बहुतेक बुटांना घोट्याशी सगळ्यात वरचं एक जास्तीचं छिद्र असतं, ते लोक रिकामं सोडतात. त्यात नाडीचा छोटा फास करून दुसऱ्या बाजूची नाडी त्यातून ओवून घट्ट ओढली की टाच जागच्या जागी बसते. उतरणीला हा एक बदल फार मोठा फरक पाडतो.

तयारीत माझा भर याच उतरणीवर होता, आणि कुणालाही मी हाच सल्ला देईन. चढताना दम लागतो, म्हणून सगळे चढाचाच सराव करतात. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, आणि याची सवय नसलेल्या मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी इतक्या दुखतात की खुर्चीत बसणंही अवघड. चांगली गोष्ट अशी, की स्नायूंनी एकदा हा त्रास सोसला की पुढचे काही आठवडे त्याच कामाचा त्रास पुष्कळ कमी होतो. त्यामुळे लिफ्टने वर आणि सॅक घेऊन जिन्याने खाली, हा सराव निघण्याआधीच्या आठवड्यांत करायलाच हवा. सोबत दोन ट्रेकिंग पोल घ्या. काठ्या आयत्या वेळी हातात घेतल्या तर पायात येतात, म्हणून त्या सरावातही हव्यात.

मोज्यांवर कंजुषी करू नका. सतत ओली राहिलेली कातडी मऊ पडते आणि घासली की फोड येतात. मी चालायला पातळ लोकरीमिश्रित मोजे वापरतो, सुती कधीच नाही. झोपायचे मोजे वेगळे, ते वाटेवर काही झालं तरी बाहेर काढत नाही. रात्रभर पाय कोरडे राहिले तर सकाळी पुन्हा ओल्या बुटात पाय घालताना काही वाटत नाही. अंगातल्या कपड्यांनाही हाच नियम. चालायचा जोड ओला होणारच, झोपायचा जोड मात्र जिवापाड जपायचा. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, पाठीकडून पाणी आत येतंच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून तिचं तोंड पिळून दुमडलं की काम होतं.

या बुटांची खरी कमजोरी कळते ती शिखराच्या रात्री. पानालाबानच्या मुक्कामातून, साधारण ३२७० मीटरवरून, रात्री अडीचच्या सुमारास निघतात. उंची एक किलोमीटर वाढली की तापमान साधारण सहा अंशांनी उतरतं, त्यामुळे खाली घामाने निथळणारा माणूस वर पहाटे शून्याजवळच्या थंडीत उभा असतो. वरच्या उघड्या ग्रॅनाइटवर वारा जाळीतून सरळ आत येतो. जाड लोकरी मोजे होते म्हणून निभावलं, पण थांबलो की बोटं बधिर व्हायची. ज्याचे हातपाय मुळातच गार पडतात त्याने याचा विचार करावा. हातमोजे, कानटोपी आणि वारा अडवणारं जॅकेट या डोंगरावर चैनीच्या वस्तू नाहीत. बुटांची पकड मात्र उत्तम निघाली. ओल्या ग्रॅनाइटवर मऊ रबर चांगलं चिकटतं. ते लवकर झिजतं, हे मला चालतं.

गाईड इथे सक्तीचा आहे आणि परवानगीशिवाय गेटच्या आत जाता येत नाही. बहुतेक गाईड आजूबाजूच्या, दुसुन या स्थानिक जमातीच्या गावांतले, याच डोंगरावर वाढलेले. आमचे गाईड सबंध वाट एका संथ चालीने चालले, एकदाही घाई केली नाही. गटातल्या कुणाचं डोकं दुखतंय, कुणी पाणी प्यायलेलं नाही, हे त्यांना आमच्या आधी कळायचं. सायात-सायातच्या चौकीवर, ३६६८ मीटरवर, पहाटे पाचच्या आत पोचलं नाही तर पुढे सोडत नाहीत. पाऊस जोरात असेल तर मुळात निघूच देत नाहीत, कारण ओल्या उघड्या कातळावरून घसरलं तर थांबायला काही नसतं. पैसे भरलेत, इतक्या लांबून आलोय, असली कारणं गाईडपुढे मांडून त्यांना अडचणीत आणू नका. गुडघ्याचं जुनं दुखणं, दमा, चालू असलेली औषधं हे मात्र त्यांना निघण्याआधी सांगाच. आपल्याबद्दल जितकं माहीत, तितकी चाल त्यांना आखता येते.

उकाड्याची सवय करायलाही वेळ लागतो. रोज तासभर उन्हातान्हात चाललं तर दहा-पंधरा दिवसांत शरीर बदलतं. घाम लवकर यायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. तरीही वाटेवर नुसतं पाणी पीत राहू नका. घाम भरपूर गेलेला असताना फक्त पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं. सोबत ओआरएस किंवा खारट खाणं असू द्या. लसी आणि मलेरियाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना निदान सहा आठवडे आधी भेटा. उंचीच्या त्रासावरच्या औषधाबद्दलही तेव्हाच विचारून घ्या.

हे बूट सगळ्यांसाठी नाहीत. बर्फात जायचं असेल, पाठीवर फार जड ओझं असेल किंवा घोटा वारंवार मुरगळत असेल तर उंच, कडक बूटच घ्या. गरम, ओल्या डोंगरात हलकी सॅक घेऊन गाईडबरोबर जाणार असाल तर मी डोळे मिटून जाळीचे घ्या म्हणेन. करंगळीवरची जाळी फाटली की मी पुन्हा हेच घेणार आहे, फक्त या वेळी पुढची रबरी टोपी जरा जाड असलेले.