जुन्या लॅपटॉपवर आयथ्री: नोम काढून पाहण्यासारखं आहे का?

नागपूरच्या सीताबर्डीत मिळतो तसला ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप असेल, तर डेबियन लिनक्सवर नोम या नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी आयथ्री हा कीबोर्डने खिडक्या मांडणारा हलका प्रोग्रॅम टाकाच. नोम नुसतं उघडून बसलं तरी १ जीबीच्या आसपास रॅम खातं; आयथ्री त्याच्या निम्म्यातही भागवतं. अर्थात ब्राउझरची भूक तेवढीच राहते, तिथे चमत्कार नाही.

पहिल्यांदा लॉगिन केल्यावर मॉड की, म्हणजे आयथ्रीच्या शॉर्टकटसाठी दाबून धरायची की, विचारली जाते. विंडोज की निवडा. आल्ट घेतली तर ब्राउझरच्या शॉर्टकटशी भांडण ठरलेलं. मॉड-एंटरने टर्मिनल (कमांड लिहायची खिडकी), मॉड-डीने प्रोग्रॅम शोधायचा. मॉड-डी दाबून काहीच होत नसेल तर डीमेनू (हा शोध दाखवणारा प्रोग्रॅम) आलेलं नसतं. डेबियनमध्ये ते सकलेस-टूल्स पॅकेजात आहे.

खरी डोकेदुखी पुढे. नोम गुपचूप जे करतं ते इथे हातानं लावावं लागतं: वायफायसाठी एनएम-ॲपलेट, उजेडासाठी ब्राइटनेससीटीएल. मराठी टायपिंगही आपोआप येत नाही. आयबस-डेमन (मराठी टायपिंग चालवणारा प्रोग्रॅम) सुरू करणारी एक्झेक ओळ आयथ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा. नुसतं मॉड-शिफ्ट-सी (कॉन्फिग पुन्हा वाचणं) किंवा मॉड-शिफ्ट-आर (आयथ्री पुन्हा सुरू करणं) करून उपयोग नाही. एक्झेकच्या ओळी लॉगिनलाच चालतात, त्यामुळे एकदा बाहेर पडून परत या.

बॅटरी संपत आल्याची सूचनाही आयथ्री स्वतः देत नाही, खालच्या पट्टीत आकडा तेवढा दिसतो. मे महिन्यात नागपूरची लाइट गेली आणि नजर पट्टीवर नसली, की फाइल गेलीच समजा. बॅटरीची सूचना देणारं बॅटसिग्नल टाकून घ्या.

माउसवरच हात बसलेल्यांनी एक्सएफसीई हा दुसरा हलका डेस्कटॉप घ्यावा.