लंडनला नाटकाआधी पबमध्ये जेवण: आठ महिन्यांचा अनुभव

शिवाजी मंदिरला नाटकं बघत वाढलेल्या माणसाला नाटकाआधी जेवायची सवयच नसते. मध्यंतरात बटाटेवडा हाणायचा आणि घरी येऊन झाकून ठेवलेलं जेवायचं. लंडनला हे जमत नाही. वेस्ट एंडमधली बरीच नाटकं साडेसातला सुरू होतात, मध्यंतरात इवल्याशा डबीतलं आइस्क्रीम मिळतं (चमचा झाकणातच दडवलेला) आणि नाटक सुटेपर्यंत पबचं किचन बंद झालेलं असतं. म्हणून ऑक्टोबरपासून आम्ही दोघं महिन्यातून एकदा साऊथ हॅरोहून पिकॅडिली लाइन धरतो, लेस्टर स्क्वेअरला उतरतो आणि सेंट मार्टिन्स लेनजवळच्या एका जुन्या पबमध्ये जेवतो. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रार आहे.

पहिल्या वेळी खाली टेबल धरून वेटरची वाट बघत पंधरा मिनिटं बसलो. कोणी येत नाही. टेबलाचा नंबर बघायचा, बारवर जायचं, ऑर्डर द्यायची, तिथेच पैसे भरायचे. बारपाशी रांग दिसत नाही, पण ती प्रत्येकाच्या डोक्यात असते. आपल्या आधी कोण आलंय हे लक्षात ठेवायचं, मध्ये घुसलात तर कोणी बोलत नाही, नुसतं बघतात. ते जास्त लागतं. वरच्या मजल्यावर टेबलावर येऊन ऑर्डर घेतात आणि बिलात साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज लावतात. तो ऐच्छिक असतो, सांगितलं की काढतात. आम्ही आधी काढायला लावायचो. 2024 च्या ऑक्टोबरपासून टिपचा सगळा पैसा कामगारांनाच देण्याचा कायदा आहे हे कळल्यावर निमूटपणे देतो.

आता खाणं. पाय, म्हणजे आत सारण भरून भाजलेली पेस्ट्री (नाव वाचताना अजून हसू येतं), घ्यायचा असेल तर एकच विचारा: खाली कव्हर आहे का? इथे बऱ्याच ठिकाणी वाडग्यात रस्सा भरून वर फुगलेल्या पेस्ट्रीची नुसती टोपी ठेवतात. आमच्या पबमधला चारही बाजूंनी बंद असतो, चिकन आणि लीकचा (कांद्याच्या जातीची भाजी), आणि सुरी घातली की भसकन वाफ येते. मासा चांगला, वरचं आवरण कुरकुरीत, आत हॅडकचे मोठे पांढरे पापुद्रे सुटतात. सोबतचे मशी पीज म्हणजे वाटाण्याची उसळ, फोडणी द्यायची राहून गेलेली. हिच्या पर्समध्ये लसणीच्या चटणीची पुडी असते, बाकी मी काही लिहीत नाही. बर्गर मागवू नका, तो कुठेही मिळतो.

हातपंपाने ओढून देतात ती एल (बिअरचा एक प्रकार) गार नसते. पहिल्यांदा मला वाटलं फ्रिज बिघडलाय. ती तळघरात साधारण अकरा ते तेरा अंशांवर ठेवतात आणि तीच तिची चव. कट्टर शाकाहारी मित्रांना मात्र सांगून ठेवतो: अशी एल नितळ व्हायला बरेचदा माशाच्या वाताशयापासून केलेला पदार्थ वापरतात, तेव्हा विचारून घ्या. आणि नाटक असेल तर अर्धाच पिंट. पूर्ण पिंट म्हणजे 568 मिली, आणि तुमची खुर्ची रांगेच्या बरोबर मधोमध असते.

तक्रार डिसेंबरची. शुक्रवार होता, ऑफिसांच्या ख्रिसमस पार्ट्यांनी पब ओसंडत होता. सव्वासहाला पोचलो, बारवरच्या मुलाला नाटकाची वेळ सांगितली, तो म्हणाला वीस मिनिटं. पाय आले सात वाजून दहा मिनिटांनी, निखाऱ्यासारखे. जीभ भाजून घेतली, अर्धं ताटात टाकलं आणि पळालो. थिएटरला पोचलो तर सात तेहेतीस. दारावरच्या बाईंनी अतिशय गोड हसून आत सोडलं नाही. पहिली वीस मिनिटं आम्ही लॉबीतल्या टीव्हीवर बघितली, शेजारी गुलाबांचा गुच्छ घेतलेला एक माणूस, तोही उशिरा आलेला. पुढच्या वेळी मॅनेजरला सांगितलं तर त्याने दोन ड्रिंक्स देऊ केली. ती घेतली, पण एवढ्या महाग तिकिटांची वीस मिनिटं गेली ती गेलीच. किचन भरलंय हे बारवर कोणीतरी सांगायला हवं होतं, ही माझी मुख्य नाराजी अजून कायम आहे.

तेव्हापासून साडेपाचच्या आत बसतो. तेव्हा किचन रिकामं असतं आणि वर नाटकवाल्यांसाठीचा दोन पदार्थांचा ठरलेल्या किमतीचा मेनूही मिळतो, तो साडेसहानंतर बंद. पुडिंगसाठी जागा उरते. स्टिकी टॉफी पुडिंग एकच मागवायचं, दोन चमचे. खजुराचा केक असतो, वर गरम टॉफी सॉस, आणि ते दोघांना पुरून उरतं.

जूनमध्ये आईबाबा येतायत. सव्वापाचचं टेबल सांगून ठेवलंय, वरचं. खिडकीजवळचं नाही मिळालं.