पाइपाचा स्पीकर, आठ महिन्यांनंतर

सुरुवात रागातून झाली. ब्लूटूथ स्पीकरची बॅटरी फुगली, दुरुस्तीवाला म्हणाला ६५० लागतील. अरे, घेतलाच ९०० ला होता! पिशवीत घालून तसाच चोपड्याला परत आणला आणि मळ्यात ठिबकचं काम झाल्यावर उरलेला ६३ एमएमचा पाईप उचलला, त्यात फोन खोचून त्याचाच आवाज मोठा करायला.

त्याआधी तांब्यात फोन ठेवून पाहिला होता. भजन विहिरीतून आल्यासारखं यायचं. कागदी कप तर फोनच्या वजनानेच आडवे झाले.

पाइपाची कृती सगळ्यांना माहीत आहे: फूटभर तुकडा, मधोमध फोनच्या मापाची खाच, दोन्ही तोंडं उघडी, गडगडू नये म्हणून खाली बाटलीची झाकणं. फक्त तापलेल्या स्क्रूड्रायव्हरने खाच पाडू नका. पीव्हीसी जळला की हायड्रोजन क्लोराईडचा धूर निघतो, घसा धरतो. आरीपत्ता आणि कानस घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

आवाज? पहिल्या महिन्यात पाचपैकी पाच दिले असते. पाईप काही वीज घालत नाही, पण फोनच्या इवल्याशा स्पीकरला जी हवा नीट ढकलता येत नाही, तिथे हात देतो. फूटभर उघडा पाईप साधारण ५०० ते ५५० हर्ट्झच्या आसपास घुमतो, म्हणून बोलणं स्वच्छ येतं. ढोलकी मात्र टिचकी मारल्यासारखी. आमच्या आईला ढोलकीशी देणंघेणं नाही, तिला आकाशवाणी जळगाव लागतं. पहिल्या दिवशी "हाई काय शे रे भाऊ?" म्हणाली, दुसऱ्या दिवशी पाईप चुलीजवळ गेला तो तिथलाच झाला.

आता मुद्द्याचं. फोनचा स्पीकर खाली, चार्जिंगची पिनही खालीच. म्हणजे फोन खाचेत असेल तर चार्जिंग नाही. लाईट जाऊन आली की फोन १२ टक्क्यांवर. काढला की बातम्या बंद, आणि स्वयंपाकघरातून हाक. फोन उलटा ठेवून पाहिला, पण वरून येणारा आवाज नावालाच. हे कुठल्याच व्हिडिओत सांगत नाहीत, सगळ्यांचे फोन १०० टक्के चार्ज केलेलेच!

तीन महिने चिडचिड केल्यावर पाइपाच्या बुडाला भोक पाडून तार वर घेतली. स्वतःवरच खूश झालो. पण फोनचा सगळा भार पिनेवर येत होता. दिवाळीनंतर चार्जिंग धरेना, तार बोटाने दाबून बसावं लागे. पोर्ट बदलायला ३५० गेले. तेव्हा याला एक सुद्धा दिला नसता.

मग १२० ची एल आकाराच्या पिनेची केबल आणली आणि जुन्या चपलेच्या टाचेचे दोन तुकडे खाचेखाली चिकटवले. भार आता टाचेवर. एकूण खर्च ४७०, म्हणजे ६५० पेक्षा १८० कमीच. बायकोचा हिशोब वेगळा आहे, तो इथे देत नाही.

आता साडेतीन देतो. आणि एल पिन लावताना तार स्पीकरच्या उलट्या बाजूला वळवा. मी दोन दिवस स्पीकरच्याच बाजूला वळवली होती, भोकं झाकली गेली, आणि पाइपाला चीर गेली असं समजून त्यावर एमसील थापत बसलो होतो.